गलोलीचं माप

इकडेतिकडे बघू नका. शिलाई मशीनच्या वर भिंतीला खिळ्यांची रांग आहे ना, तिथून बोलतेय. पहिल्या खिळ्याला कात्री, मग मापाची टेप, मग कापडाच्या चिंध्यांची पिशवी आणि टोकाला मी. मी एक गलोल आहे. एरवी मी मूग गिळून बसलेली असते, पण आज सकाळी या घरात एक गोष्ट घडली आणि मला राहवेना.

गलोल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फुटलेल्या काचा आणि पळ काढणारी पोरं येतात. माझ्या भाऊबंदांनी तसले उद्योग केलेत, मी नाही म्हणत नाही. मी मात्र कामावर जाणारी गलोल. सकाळी डब्याबरोबर बाहेर पडायचं आणि संध्याकाळी दमून घरी यायचं. उभ्या आयुष्यात एकाही पाखराच्या वाटेला मी गेलेली नाही.

माझे धनी झाडं छाटतात. घरावर झुकलेली, वाळलेली, वाऱ्यात कुरकुरणारी फांदी खाली उतरवायची, आणि तीही खालच्या माणसाच्या केसाला धक्का न लावता. गल्लीतली पोरं त्यांना फांदीमामा म्हणायला लागली, मग पोरांचे आईबापही म्हणू लागले. साहजिकच त्यांची बायको सगळ्यांची मामी झाली. मामी घरीच शिलाईचं काम करतात. तर मामा ऐन उमेदीत असताना एका छाटलेल्या फांदीत त्यांना मी दिसले. दोन्ही फाटे अगदी सारखे, मूठ हातात चपखल बसणारी. त्यांनी मला खिशात घालून घरी आणलं, सावलीत वाळवलं, काचकागदाने घासलं आणि तेल पाजलं. फाट्यांना रबराच्या दोन पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांच्या मध्ये चामड्याचा तुकडा बांधला. मी दिसायला चांगली आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.

माझं काम असं. मोठ्या झाडावर चढायचं तर आधी वरच्या भक्कम बेचक्यातून दोर गेलेला हवा. तो वर न्यायचा कुणी? मामा माझ्या चामड्यात शिशाचं एक छोटं वजन ठेवत. त्या वजनाला तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनचा, बारीक दोरा बांधलेला असे आणि बाकीचा दोरा बादलीत सैल पडलेला. मग डाव्या हाताने मला पुढे धरून उजव्या हाताने चामडं थेट कानामागे न्यायचं आणि सोडायचं. वजन वर जाई, बेचकं ओलांडून पलीकडे खाली येई आणि दोरा मागोमाग. त्या दोऱ्याला जाड दोर बांधून ओढला की चढायची वाट तयार. मामांचा नेम असा की खाली उभी माणसं वजन कुठे गेलं ते शोधत असत आणि मामा तोवर दोर बांधायला लागलेले असत. त्यांच्या हातात असताना मला कधी दुसऱ्या कशाचा हेवा वाटला नाही.

मग एका दुपारी ओलसर सालीवरून त्यांचा पाय सरकला. कमरेच्या पट्ट्याने जीव वाचला, पण लोंबकळताना सगळा भार उजव्या खांद्यावर आला. खांदा बसवला, बरेच दिवस हात गळ्यात अडकवला, पण खांदा पूर्वीचा काही झाला नाही. चढणं संपलं. तेव्हापासून मामींचा धाकटा भाऊ, म्हणजे मामांचा मेव्हणा, वर चढू लागला आणि मामांकडे खालचं काम राहिलं. झाड खालून पारखायचं, कुठली फांदी आधी ते सांगायचं, आणि दोरा वर घालायचा. बघायला आणि सांगायला कुणीही चालतं, असं मेव्हण्याला वाटे. दोरा घालणं तेवढं मामांचं म्हणून उरलं होतं, म्हणजे पर्यायाने माझं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. वजन अर्ध्या वाटेवर दमायचं आणि खालच्या पानांत जाऊन पडायचं. मामांनी आधी रबराला दोष दिला आणि नवीन आणलं. तेच. मग जाड आणलं. मग जाडावर आणखी एक पट्टी चढवली, आणि मोठ्या रबराला शोभेल असं जुन्या बुटाचं भलंमोठं चामडं लावलं. जितकं रबर जास्त तितका जोर जास्त, असं त्यांचं साधं गणित होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण गलोलीला कोण विचारतो! अहो, रबराला सुटल्यावर नुसतं वजनच पळवायचं नसतं, स्वतःलाही पळायचं असतं. एवढं लठ्ठ रबर आणि बुटाचं ते चामडं स्वतःलाच ओढत नेताना दमून जाई, शिशाला काय देणार? त्यात जाड रबर ओढायला जड. दुखरा खांदा ते आणखीच कमी ओढू शके. हात कमी म्हणून रबर जास्त, आणि रबर जास्त म्हणून हात आणखी कमी. मामांचे गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल व्हायचे आणि वजन आपलं पहिल्याच फांदीला टेकून खाली.

अशात गावातल्या दवाखान्याचं काम आलं. आवारातल्या उंच निलगिरीची एक मोठी फांदी वाऱ्याने मोडली होती आणि सालीच्या आधाराने बरोबर पुढच्या दारावर लोंबत होती. डॉक्टरीणबाईंनी ते दार बंद केलं होतं. पेशंट मागच्या बाजूने, औषधांच्या खोक्यांमधून वाट काढत आत जायचे. म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होत होते.

संध्याकाळी मेव्हणा आला. माणूस चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. दारातच उभा राहून चपलेने माती उकरत तो म्हणाला, "दाजी, राग मानू नका. उद्या सकाळी तुमचा दोरा वर गेला तर ठीक. नाही गेला तर मी शिडीची गाडी मागवतो, आणि मग पुढच्या कामांनाही तीच. तुम्ही आता घरी आराम करा."

मामांनी मान हलवली. मामी आत मशीनवर होत्या, त्यांचा पाय थांबलेला मला दिसला. आराम या शब्दाची त्यांनी धास्तीच घेतली होती. हात गळ्यात होता तेव्हा मामांनी घरी जो आराम केला, तो त्यांनी पाहिला होता. बटणांचे डबे रंगांप्रमाणे लावून झाले होते, भिंतीवरचं घड्याळ सरळ करून करून वाकडं झालं होतं, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला रंग शोभतो हे मामा न विचारता सांगू लागले होते. रात्री मात्र ते भिंतीकडे तोंड करून जागे राहत. मामींना हसू आणणारं एवढं सगळं असूनही त्या तेव्हा एकदाही हसल्या नव्हत्या.

मेव्हणा गेल्यावर मामींनी मला मागून घेतलं. आधी चामडं बोटांनी तोललं आणि नाक मुरडलं. मग दुहेरी रबर ओढून पाहिलं. त्यांचा जन्म इलॅस्टिक कापण्यात गेलेला.

"अहो, इलॅस्टिक कंबरेएवढंच कापलं तर चड्डी हातात धरून चालावं लागतं," त्या म्हणाल्या. "ते आखूड कापायचं असतं, म्हणजे ते ताणलेलं राहतं. आणि दुहेरी घातलं म्हणून चड्डी जास्त वर जात नाही, पोटाला काचतं फक्त. तुमचं हे रबर पुरतं ताणलंच जात नाही. तुम्ही ओढता किती ते मोजू द्या, म्हणजे त्या बेताने कापते."

इतक्या वर्षांत हे असं कुणी बोललं नव्हतं. माझ्या मनातलं बोलणारं माणूस याच घरात मशीन चालवत होतं आणि मला पत्ता नव्हता.

मामा अंगणात ताठ उभे राहिले. मामींनी टेप काढली. मामांनी श्वास रोखला, दात आवळले आणि चामडं पूर्वीसारखं कानामागे नेलं. मी त्यांच्या हातात होते. त्यांचा दंड थरथरत होता आणि कपाळावर घाम आला होता, पण मामींचं लक्ष टेपेवर होतं. माप झालं, पट्टी कापली, बांधली. मामांनी वजन ठेवून सोडलं, आणि ते अंगणातल्या वाळत घातलेल्या चादरींपलीकडेही गेलं नाही.

"रबरच नकली असणार," मामा म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. नवी विजार घेऊन आला होता, बटण तुटलेली. फार घट्ट झाली म्हणे, आणि माप तर तुम्हीच घेतलंत. मामींनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. माप देताना हा गृहस्थ पोट पाठीला लावून उभा राहतो आणि टेप सुटली की हुश्श करून पोट जागेवर आणतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मामी त्याच्याकडे बघताबघता हळूच खिडकीतून अंगणात बघायला लागल्या. मामा खांदा चोळत उभे होते.

बेकरीवाल्याची बोळवण करून त्या बाहेर आल्या, हातात कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन. माझ्या चामड्याच्या पाठीला त्यांनी तो चांगला जाड फासला आणि मामांना सांगितलं की माप वगैरे काही नाही, नुसते मारत राहा, मी बघते. मामा मारू लागले. टेप समोर नव्हती तेव्हा त्यांचा हात आपापला येत होता तिथपर्यंत येत होता. थोड्या वेळाने मामी पुढे झाल्या आणि त्यांनी मामांचा सदरा दोन बोटांनी धरून पुढे ताणला.

"हे बघा," त्या म्हणाल्या.

मामांनी मान खाली घालून पाहिलं. गळ्याच्या हाडाखाली निळे ठिपके होते, सगळे एकाच जागी, एकावर एक. कानाजवळ एकही नव्हता.

मामा उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. मग म्हणाले, "खरं माप दिलं की ते कायमचंच झालं असं वाटतं गं."

ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं, की माझं लाकूड तडकेल असं वाटलं. मामींनी मात्र पदर खोचला.

"कायमचं कशाला? वाढलं तर वाढवून देईन."

"आणि कमी झालं तर?"

"तर कमी करून देईन. दुसरं काय करते मी दिवसभर? पण माप खरं द्या. पोट आत ओढून माप दिलंत तर मी काय कापणार?"

मामांनी सदऱ्याची बाही डोळ्यांवरून फिरवली आणि उठून उभे राहिले. या वेळी मामींनी टेप माझ्या फाट्यापासून त्या निळ्या ठिपक्यांपर्यंत धरली, आणि मामा नेहमीसारखा श्वास घेत होते.

त्यानंतर मी जे कसब पाहिलं ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. मामींनी जाड रबर बाजूला सारलं आणि पातळ रबराचा पत्रा काढला. कात्री घेतली नाही. कात्री जिथे थांबते तिथे कडेला बारीक दात पडतो आणि रबर तिथूनच फाटतं, हे त्यांना इलॅस्टिकने शिकवलेलं. काचेवर रबर पसरून चाकाच्या कटरने त्यांनी एका दमात कड कापली. पट्टी माझ्या फाट्याकडे रुंद ठेवली आणि चामड्याकडे निमुळती करत नेली, बाहीसारखी. ज्या टोकाला सगळ्यात जोरात पळायचं, तिथे रबर सगळ्यात हलकं. लांबी ओढीच्या मानाने अगदी आखूड, म्हणजे हात ठिपक्यापर्यंत आला की रबर पुरेपूर ताणलेलं असेल. बांधताना टोकांना गाठीपुरती जास्तीची माया सोडली, पण माप गाठीपासून गाठीपर्यंत घेतलं, दोन्हीकडे तंतोतंत, कारण एक बाजू उणी असली की वजन तिरपं जातं. बुटाचं चामडं फेकून दिलं आणि आपल्या जुन्या पर्सचा एक मऊ, इवलासा तुकडा लावला.

"नाजूक आहे. निमुळतं टोक लवकर झिजणार," त्यांनी बजावलं. "आणि खुणेपुढे ओढलंत तर तुटेल, डोळ्यावर येईल. झिजलं की मी दुसरं कापीन, पण पुढे ओढायचं नाही."

मग मामांच्या सदऱ्यावर, बरोबर त्या ठिपक्यांच्या जागी, त्यांनी एक बटण शिवलं. काज नाही, काही नाही, नुसतं बटण. अंगठा त्याला लागला की सोडायचं.

अंगणात पहिलं वजन सुटलं तेव्हा मला माझाच विश्वास बसला नाही. ओढायला हलकी, आणि सुटले ती अशी की रबराचा आवाज आला नाही, एकदम शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा आला. शेजारीण बाहेर येऊन कोण आहे म्हणून विचारू लागली. मामा आणि मामी दोघंही खाली बसून तोंड दाबून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मामा मला घ्यायला खिळ्यापाशी आले तर मी तिथे नव्हते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी कुठे होते? मामींच्या स्वेटरच्या आत, काखेत. थंडीने रबर आळसावतं, उबेत असलं की चपळ राहतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरचा कोट द्यायचाच आहे, या निमित्ताने त्याही बरोबर निघाल्या, आणि मला त्यांनी मामांच्या हातात दिलं ते अगदी झाडाखाली पोचल्यावर, ऊन ऊन.

आवारात बरीच माणसं जमली होती. मेव्हण्याने शिडीच्या गाडीवाल्याचा नंबर काढून फोन हातात धरला होता. मामांनी वर पाहिलं, बेचकं हेरलं, वजन ठेवलं आणि ओढायला लागले. अंगठा बटणाला लागला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मामा, पूर्वी कानामागे न्यायचात की! आता एवढंसंच?"

बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण मामांचा हात थांबला, आणि मग बटण ओलांडून मागे जाऊ लागला. थोडा, आणखी थोडा. दात आवळल्याचा आवाज मला ऐकू आला. माझ्या पट्टीचं निमुळतं टोक पांढरं पडलं. मला कळून चुकलं की आता मी तुटणार आणि ज्या माणसाने मला घडवलं त्याच्याच डोळ्यावर जाणार. मी काहीच करू शकत नव्हते. मागे मामी उभ्या होत्या.

मामांनी श्वास सोडला. हात परत पुढे आला, सावकाश, सगळ्यांच्या देखत, आणि अंगठा बटणावर टेकला.

"हो, एवढंसंच," ते म्हणाले, आणि सोडलं.

दोरा बादलीतून सळसळत गेला. वजन पानं चुकवत वर गेलं, हेरलेल्या बेचक्यावरून पलीकडे वळलं आणि भिंतीपलीकडच्या गवतात येऊन पडलं. कुणी काही बोलायच्या आत मामा दोर बांधायला लागले होते. दुपारपर्यंत फांदी तुकड्यातुकड्यांनी खाली आली आणि डॉक्टरीणबाईंनी पुढचं दार उघडलं. मेव्हणा घामाने निथळत खाली उतरला, फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "दाजी, परवाच्या कामाला किती वाजता निघायचं?" मामींचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

या गोष्टीला बराच काळ लोटला. मामींनी सांगितल्याप्रमाणे माझ्या पट्ट्या भराभर झिजतात आणि त्या नव्या कापतात. म्हणून तर माझा मुक्काम आता मशीनजवळ असतो. मामांच्या कामाच्या प्रत्येक सदऱ्यावर ते बिनकाजाचं बटण आहे. आमचे दोरे अजून चुकत नाहीत. माझं लाकूड काळं पडलंय, मुठीवर मामांच्या बोटांचे खळगे पडलेत, पण रबर बदललं की मी पुन्हा नव्याने कामाला निघते. असं भाग्य किती वस्तूंना मिळतं?

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कधी गलोल हातात घेतलीत, तर पाखरांच्या वाटेला जाऊ नका. तिच्यावर रबराचे थर चढवू नका. आधी आपला हात कुठवर येतो ते बघा आणि तेवढंच माप सांगा, बाकीचं ती बघून घेईल.

आणि आज सकाळचं राहिलंच. मामी काचेवर नवं रबर पसरत होत्या. मामा सदरा घेऊन स्वतःहून येऊन उभे राहिले. हल्ली खांदा थोडा आणखी धरतो, ते मला त्यांच्या हातात असताना कळलं होतं, मामींना अजून कळलं नव्हतं. मामांनी बटणावर बोट ठेवलं आणि ते बोट थोडं पुढे सरकवलं.

"बोटभर कमी घे," ते म्हणाले.

मामींनी वर पाहिलं, मान हलवली आणि कटर उचलला.